मातीजवळची ठेव

इराणातल्या यझ्द शहरात मेलेल्या माणसाचीही शेजाऱ्यांना खडान्‌खडा माहिती असते. गुरुवारी कोणाच्या कबरीवर कोण आलं, कोणाला यायला सवड झाली नाही, वाटलेल्या हलव्यात केशर होतं की नुसती हळद, सगळं. त्यामुळे मीर हमजाच्या दर्ग्याची राखण करणारी नुसरत खानम आणि तिचा म्हातारा न होणारा नवरा ही काही गल्लीला नवी गोष्ट नव्हती. नवं एवढंच होतं की या उन्हाळ्यात खुद्द नुसरतला त्याची भीती वाटायला लागली होती.

मीर हमजा कोण होता हे कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी म्हणतं इमामांच्या घराण्यातला, कोणी म्हणतं वाट चुकलेला व्यापारी. त्याच्या थडग्याभोवतीच्या जाळीला बाया नवसाची कुलपं अडकवून जातात, कारण रुसलेले नवरे आणि हरवलेल्या शेळ्या परत आणण्यात त्याचा हातखंडा. घुमटाच्या निळ्या फरशा निम्म्या गळून गेल्यात. पण आत भर दुपारीसुद्धा गारवा असतो, आणि भिंतीलगतच्या दालनात जुन्या यझ्दकरांच्या कबरी विटांच्या जमिनीखाली ओळीनं झोपलेल्या आहेत.

या जमिनीची एक रीत आहे. वर्ष-दोन वर्षं गेली की कबरीवरच्या विटा खचतात. खालचं माणूस मातीत मिसळतं आणि वरची जमीन तेवढी खाली बसते. नुसरतचे वडील दर वसंतात त्या विटा उपटून, खाली भर घालून पुन्हा बसवायचे, आणि त्यांच्यामागे ते काम तिनं केलं. खिडकीखालची एक कबर मात्र तिला कधीच दुरुस्त करावी लागली नाही. तिच्या विटा काल बसवल्यासारख्या, एका पातळीत. गुरुवारी सगळ्या कबरींवर पाणी शिंपडलं की ते सुस्कारा टाकून खाली जाई. या एकीवर ते तसंच साचून राही, वरून उडून जाईपर्यंत. इथली माती काही पीत नव्हती आणि काही खातही नव्हती.

तिथं इनायत होता.

इनायत जमिनीखालचे पाण्याचे कालवे खणायचा. कालवे खणणारे पांढरे कपडे घालून खाली उतरतात. वर येता आलं नाही तर वेगळं कफन कशाला, असा त्यांचा कोरडा विनोद. तो विनोद इनायतच्या बाबतीत खरा झाला. खाली हवा कोंदली आणि त्याला वर काढला तेव्हा अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. गाल लाल होते. नुसरतच्या पोटात तेव्हा मुख्तार होता.

सरहद्दीपलीकडच्या, इराकातल्या करबलाच्या पवित्र मातीत निजायचं, हे इनायतनं लग्नाच्या रात्रीच बायकोला सांगून ठेवलं होतं. लग्नाच्या रात्री बोलायचा हा विषय आहे का, म्हणून ती त्याच्यावर रुसलीही होती. पण तो गेला तेव्हा लढाई पेटलेली, सरहद्द बंद. मग जुन्या लोकांनी जे केलं असतं तेच नुसरतच्या वडिलांनी केलं. इनायतला मातीजवळ ठेव म्हणून ठेवलं. ठेवीच्या कबरीत माणसाला कायमचं पुरत नाहीत. चार बाजूंनी विटा रचून पेटीसारखी जागा करतात, कफनाच्या गाठी तशाच बांधलेल्या ठेवतात, गाल मातीला टेकवत नाहीत. शेवटच्या दफनाला कबरीत उतरून मेलेल्याचा खांदा हलवतात आणि नाव घेऊन सांगतात, बाबा रे, तू गेलास, हे समजून घे; तेही करत नाहीत. ते सगळं मुक्कामाला पोचल्यावर. इथं फक्त मातीला सांगायचं, ही ठेव आहे, अमुक महिन्यांनी नेऊ, तोवर हात लावू नकोस. माती शब्दाची पक्की. मुदत संपेपर्यंत ती ठेवीला शिवत नाही, आणि मुदत टळली की आपलं ते घेऊन मोकळी होते.

हे शब्द ज्याची ठेव त्यानं बोलायचे असतात. नुसरत तेव्हा वीस वर्षांची, रडून रडून घसा बसलेला. वडिलांनी तिला पुढं केलं. तिनं मूठभर माती हातात घेतली आणि म्हणाली, "ही माझी ठेव आहे. मी घ्यायला येईपर्यंत हात लावू नकोस."

वडिलांनी कपाळावर हात मारला. "अगं, मुदत! महिने सांग, वर्षं सांग. मातीला मुदत सांगायची असते."

"सांगितली की. मी येईपर्यंत."

दर्ग्याच्या राखणदाराच्या पोरीला हे माहीत नसेल असं थोडंच होतं? तोंडातून गेलेला शब्द मातीनं ऐकला होता आणि आता तो कोणालाच फिरवता येणार नव्हता.

लढाई संपली. पुढं रस्ताही उघडला, बसच्या बस भरून लोक करबलाला जाऊन आले. नुसरतला मात्र दर वर्षी काहीतरी आड येई. कधी मुख्तारचा गोवर, कधी मुख्तारचं लग्न, कधी तिचे गुडघे. खरं कारण गुडघ्यांत नव्हतंच. इनायत तिथं खिडकीखाली होता, जसाच्या तसा, आणि तिचा होता. एकदा करबलाला पोचवला की तो सगळ्यांसारखा मेलेला होणार होता. तिला ते नको होतं. त्यात तिला कधी काही वावगंही वाटलं नाही.

तो स्वप्नात यायचा. फार वेळा नाही, पण वर्षातून दोन-तीनदा ठरलेला. घराच्या उंबऱ्यात उभा, अंगात पांढरे कपडे, बूट हातात. "निघायचं का?" म्हणून विचारायचा. ती म्हणायची, "आज नको, बघू या पुढं." तो मान डोलवायचा आणि उभाच राहायचा. जाग आली की नुसरतचं मन दिवसभर हलकं असे.

या उन्हाळ्यात तो पुन्हा आला. तसाच उंबऱ्यात, तसाच पांढऱ्यात. तिनं हसून वर पाहिलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून आत घरात बघितलं, आणि अदबीनं विचारलं,

"आजी, नुसरत आहे का घरात?"

ती किंचाळून उठली. त्यानंतर तो रोज येऊ लागला. रोज तोच प्रश्न, रोज तीच अदब. हळूहळू त्याच्या आवाजात काळजी यायला लागली, बायको बाजारातून परतायला उशीर झाल्यावर येते तशी.

त्याच सुमारास डॉक्टरांनी तिच्या छातीला नळ्या लावून पाहिलं होतं, आणि तिच्याशी न बोलता मुख्तारला बाजूला घेऊन बोलले होते. नुसरतला त्यावरून जे कळायचं ते कळलं. मरणाचं तिला काही वाटत नव्हतं. आयुष्य मेलेल्यांच्या शेजारात गेलेलं. पण ती गेल्यावर ठेव घ्यायला येणार कोण? माती तिचा शब्द पाळत बसणार. आणि आपण मेलोय हे ज्याला अजून कोणी सांगितलेलंच नाही असा तो पोरगेला माणूस दारोदार विचारत फिरणार, नुसरत आहे का घरात?

गुरुवारी शेजारची शम्सी हलव्याची थाळी घेऊन आली. शम्सीचा नवरा ओळीतल्या तिसऱ्या कबरीत होता आणि त्याच्या विटा वर्षाच्या आत खचल्या होत्या, ज्याबद्दल ती अजून नाराज होती.

"काय म्हणतो तुझा तरणाताठा?" तिनं खिडकीकडे हनुवटी उडवली. "माझा मेला जिवंतपणीच अर्धा खचलेला. मातीनं तरी किती वाट बघायची?"

एरवी नुसरतनं तिला चार शब्द सुनावले असते. आज ती नुसती जमिनीवर बसली.

"शम्सी, तो मला ओळखत नाही गं."

शम्सीनं थाळी खाली ठेवली. स्वप्न ऐकताना तिचा हलव्याचा घास हातातच राहिला.

"सोडून दे त्याला," ती म्हणाली. "आत्ता सांग मातीला. मी आहे ना इथं."

नुसरत खिडकीखाली गेली. विटांवर तळहात ठेवून म्हणाली, "माझी ठेव मी सोडली. आता तो तुझा. घे त्याला." तिनं तांब्या उपडा केला. पाणी विटांवर पसरलं आणि थांबलं. दोघी बघत बसल्या. त्यात खिडकीची जाळी दिसत होती, घुमटाचा एक तुकडा दिसत होता, आणि पाणी काही हलत नव्हतं.

"तू म्हणाली होतीस, घ्यायला येईन," शम्सी हळूच म्हणाली. तिनं डोक्यावरची चादर पदरासारखी तोंडावर ओढून घेतली. "मग आधी घ्यायला नको? ठेवायला दिलेली वस्तू परत हातात न घेता सोडली असं कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच नुसरत मुख्तारच्या भट्टीवर गेली. मुख्तार यझ्दमधला नावाजलेला नानवाला. केसांतलं पीठ आणि पांढरे केस यांतला फरक आता ओळखू येत नव्हता. आईला दारात बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आई, या उन्हात? डॉक्टर काय म्हणाले..."

"ते तुला म्हणाले. मला काही म्हणाले नाहीत. मुख्तार, तुझ्या बापाची कबर उघडायची आहे."

भट्टीवरचा माणूस खाकरला आणि उगाचच बाहेर निघून गेला. मुख्तारनं हात झटकले.

"झालं! आता एवढंच राहिलं होतं. मी म्हणतो, आई, त्या थडग्यांतनं उठ, माझ्या घरी ये. तुझ्या सुनेनं, फिरूजेनं, खोली सारवून ठेवलीय, बिछाना घातलाय. ते राहिलं बाजूला, आणि तू मलाच तिकडं खणायला बोलावतेस."

"तुझ्यासाठी नाही बोलावत. त्याच्यासाठी."

"आई, तिथं हाडं आहेत. सगळ्यांची असतात तशी. एवढं आयुष्य त्या हाडांवर पहारा करत बसलीस." त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. बापाबद्दल बोलताना त्याचं नेहमी असंच होई. त्यानं बाप पाहिला नव्हता. घरात एकच फोटो, ओळखपत्रावरचा, आणि त्यातही सरकारी शिक्का बरोबर तोंडावर आलेला. लहानपणी तो त्या शिक्क्यावर नख घासायचा, खालचा माणूस दिसेल म्हणून.

"मग पैज लाव," नुसरत म्हणाली. "हाडं निघाली तर मी त्याच पावली तुझ्या घरी येते."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मी म्हणेन ते करायचं. प्रश्न विचारायचे नाहीत."

मुख्तारनं तिच्याकडे पाहिलं. आई घरी येण्याचा हा एवढाच रस्ता दिसत होता. त्यानं पैज घेतली.

यझ्दमध्ये उन्हाळ्यातली शुक्रवारची दुपार म्हणजे शहर मेलेलंच असतं. नमाज होते, जेवणं होतात, आणि मग गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. त्या वेळी मुख्तार भट्टीवरून तसाच पांढऱ्या कपड्यांत आला. बूट दारात काढून त्यानं पहार हातात घेतली. शम्सीला नुसरतनं बाहेर उंबऱ्यापाशी बसवलं, कोणी आलंच तर घालवायला. दार लोटून घेतलं.

पहिली वीट अलगद निघाली. चुना ओला होता. मुख्तारनं बोटावर घेऊन तो बघितला आणि पायजम्याला पुसला.

"इथं दमट आहे वाटतं," तो म्हणाला.

यझ्दमध्ये दमट काहीच नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

विटांखालची माती भुसभुशीत निघाली, काल टाकल्यासारखी. तिच्यात मुळं नव्हती, किडे नव्हते. पावलांचे ठसेसुद्धा होते. नुसरतच्या वडिलांनी वरून तुडवलेली माती. एका ठशात अंगठा नव्हता. वडिलांच्या डाव्या पायाला अंगठा नव्हताच. मुख्तारनं आजोबांचा तो पाय लहानपणी दाबला होता. त्याचे हात थांबले.

"आई."

"खण."

शेवटी रुंद कौलं लागली. त्यानं पहिलं कौल उचललं आणि आतून थंड वारा आला, कालव्याच्या तोंडावर येतो तसा, पाण्याचा वास असलेला. मीर हमजाच्या जाळीवरची कुलपं एकमेकांवर हलकीच वाजली. मुख्तारनं बाकीची कौलं कशी काढली ते त्याला पुढं कधी आठवलं नाही.

कफन पांढरं होतं. घडीच्या रेषा अजून तशाच होत्या. डोक्याकडची, कमरेची आणि पायाकडची गाठ बांधलेली, नुसरतच्या हातची.

ती खाली उतरायला लागली तेव्हा मुख्तारनं तिला धरलं, पण उतरू दिलं. विटांच्या त्या अरुंद जागेत ती गुडघ्यांवर बसली आणि डोक्याकडची गाठ सोडून तिनं कापड बाजूला केलं.

इनायतचे गाल लाल होते. ओठांवर नुकत्या फुटलेल्या मिशा, हनुवटीवर दाढी करताना कापल्याची एक बारीक रेघ, आणि त्या रेघेवर अजून रक्ताची खपली. कपाळावर एक आठी होती. ती आठी नुसरतनं ठेवलेली नव्हती. शेवटचं तोंड झाकलं तेव्हा कपाळ साफ होतं. कोणाची तरी वाट बघून बघून ती पडली होती.

वर मुख्तार गुडघ्यांवर आला होता. दोन्ही हात कडेला रोवून तो खाली वाकून बघत होता. पांढऱ्या होत चाललेल्या दाढीचा मुलगा आणि काळ्याभोर मिशांचा बाप. त्याच्या नाकावरून घाम खाली टपकला.

"माझ्यासारखं नाक आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "आई, हा तर पोरगा आहे गं."

"हो."

"हा झोपलाय. हलव त्याला."

"हलवणारच आहे. ते हलवणं वेगळं."

तिनं कमरेची गाठ सोडली. तिचा हात पायाकडच्या गाठीकडे गेला तेव्हा मुख्तारला कळलं, आई त्याला आता जाऊ देणार. त्यानं वरूनच तिचं मनगट पकडलं. दुखेल इतकं घट्ट पकडलं.

"नको. थांब. आज नको, आई. अजून थोडे दिवस. वरती कौलं ठेवू या, मी रोज येत जाईन, कोणाला कळणार नाही. मी अजून नीट बघितलासुद्धा नाही त्याला."

नुसरतनं मान वर करून लेकाकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, शिक्क्यावर नख घासणाऱ्या.

"मीही हेच म्हटलं होतं, बाळा," ती म्हणाली. "बघ त्याच्या कपाळाकडे."

मुख्तारनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं तिचं मनगट सोडलं आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं, आणि लगेच तळवे काढले, कारण बघायला एवढाच वेळ होता.

नुसरतनं शेवटची गाठ सोडली. नवऱ्याच्या मानेखाली हात घालून तिनं त्याला कुशीवर वळवलं. मान मऊ होती. मग तिनं त्याचा खांदा धरला, आणि तोंड त्याच्या कानापाशी नेलं. तिथं जे म्हणायचं असतं ते तिला वडिलांकडून पाठ होतं. पण त्याआधी तिला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

"इनायत," ती म्हणाली, "नुसरत घरातच आहे. मीच ती. म्हातारी झाले रे. तुला घ्यायला उशीर केला."

तिच्या हाताखाली खांदा अगदी किंचित सैल झाला, ओझं खाली ठेवल्यावर होतो तसा. आठी गेली. मुख्तारनंही ते पाहिलं, आणि पुढं आयुष्यभर तो शपथेवर ते सांगत राहिला.

मग तिनं खांदा हलवला, त्याचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं, आणि त्याला सांगितलं की तू गेलास, हे समजून घे. करबलाहून कोणीतरी कधी आणलेली मातीची एक छोटी वडी तिनं त्याच्या गालाखाली ठेवली. तेवढंच करबला तिच्या हातात होतं. आणि गाल जमिनीला टेकवला.

काही वाजलं नाही. फुगलेली कणीक बोट लावल्यावर बसते, तसं कफन आतून हळूहळू बसत गेलं. आधी पाय, मग छाती. चेहऱ्यावर नुसरतनं स्वतःच कापड ओढून घेतलं. तिच्या हाताखालचा खांदा बारीक झाला, मग नुसतं कापड उरलं, मग कापडही पिवळं पडलं आणि बोटांत विरलं. मुख्तारनं काखेत हात घालून आईला वर ओढलं. ती चिमणीएवढी हलकी झाली होती.

त्यानंच माती लोटली, त्यानंच विटा बसवल्या. एकही शब्द न बोलता, भट्टीवर काम करतो तसा भराभर. झाल्यावर नुसरतनं तांब्या त्याच्या हातात दिला. त्यानं पाणी ओतलं. जमिनीनं ते घटाघट पिऊन टाकलं. त्यानं दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला. माती पीतच राहिली आणि मधल्या विटा त्यांच्या डोळ्यांदेखत बोटभर खाली बसल्या.

दार उघडून नुसरतनं दर्ग्याची किल्ली शम्सीच्या मांडीवर टाकली. शम्सीनं आत डोकावून बघितलं आणि नुसता तिचा हात दाबला.

"पैज तू हरलास," नुसरत लेकाला म्हणाली. "हाडं निघाली नाहीत."

"नाही निघाली."

"मग मी म्हणेन ते करायचं. मला तुझ्या घरी ने."

ती पायात चप्पल घालायला वाकली, आणि तिला वेळ लागला. वर पाहिलं तेव्हा मुख्तार उंबऱ्यात उभा होता. मागून ऊन येत होतं. अंगात पांढरे कपडे, बूट हातात.

"निघायचं का?" त्यानं विचारलं.

नुसरतच्या छातीत काहीतरी थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. या प्रश्नाला तिनं इतकी वर्षं एकच उत्तर दिलं होतं.

"हो," ती म्हणाली. "निघू या."